तेलकट त्वचेवरील प्रकाशोपचार

चेहऱ्याच्या त्वचेतील त्वक्स्नेह (त्वचेला मऊपणा व तुकतुकी आणणारा स्निग्ध पदार्थ) स्रवणाऱ्या ग्रंथींचे कार्य कमी करण्यासाठी किंवा त्या कार्याशी निगडित असलेल्या मुरमांच्या विकारासाठी ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशाचा जो उपयोग करण्यात येतो, त्याला तेलकट त्वचेवरील प्रकाशोपचार असे म्हणतात. यात निळा व तांबडा प्रकाश, तीव्र स्पंदित प्रकाश, प्रकाशसंवेदी द्रव्य लावून केलेला प्रकाशगतिक उपचार आणि अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या पलीकडील अदृश्य किरणांचे) लेसर उपचार यांचा समावेश होतो. त्वचेचा तेलकटपणा व मुरूम या दोन बाबी सामान्यतः एकच मानल्या जातात. परंतु पहिली ग्रंथींच्या स्रावाची अवस्था असून दुसरा शोथयुक्त (दाहयुक्त सूज असलेला) विकार आहे. बहुतेक प्रकाशोपचार दुसऱ्या बाबीवर परिणाम करतात. ग्रंथींचा स्राव निश्चितपणे कमी करणारे उपचार थोडे आहेत. उपचार घेणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. मुंबईलगतच्या ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत दमट हवा, प्रखर ऊन आणि सावळी त्वचा या तिन्ही गोष्टी एकत्र येत असल्याने प्रस्तुत नोंदीत त्या परिसराच्या संदर्भात या उपचारांचा विशेष विचार केला आहे.

त्वक्स्नेह ग्रंथी : तळहात व तळपाय सोडून शरीरावर सर्वत्र या ग्रंथी आढळतात. चेहरा व डोक्याची त्वचा येथे त्यांची संख्या सर्वांत जास्त, म्हणजे दर चौ. सेंमी. मध्ये सु. ४०० ते ९००, असते. बहुतेक ग्रंथी केशपुटकाला (केसाच्या मुळाभोवतालच्या पिशवीला) जोडलेल्या असून त्यांचे मुख त्यातच उघडते. ग्रंथीतील कोशिका स्निग्ध पदार्थाने भरत जातात व अखेरीस फुटतात आणि त्यांच्या सर्व घटकांसह त्वक्स्नेह तयार होतो. त्यात ग्लिसराइडे व वसाम्ले सु. ५७%, मेण-एस्टरे सु. २६% आणि स्क्वालीन सु. १२% असून उरलेला भाग मुख्यत्वे कोलेस्टेरॉल व त्याची एस्टरे यांचा असतो. या स्रावामुळे त्वचेतील ओलावा टिकण्यास मदत होते. म्हणून तो पूर्णपणे बंद पाडणे हे कोणत्याही उपचाराचे उद्दिष्ट नसते.

ग्रंथींच्या कार्यावर मुख्य नियंत्रण पौरुषजन हॉर्मोनांचे (उत्तेजक स्रावांचे) असते. ही हॉर्मोने स्त्री व पुरुष दोघांतही असतात. जन्मानंतर काही काळ ग्रंथी क्रियाशील असतात, पुढे त्या मंदावतात आणि वयात येण्याच्या सुमारास पुन्हा मोठ्या होतात. स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतर स्राव कमी होतो. पुरुषांमध्ये तो उतारवयापर्यंत बराचसा टिकून राहतो. तरुण स्त्रीमध्ये तेलकटपणाबरोबरच मासिक पाळीची अनियमितता व चेहऱ्यावर राठ केस आढळल्यास बीजकोशाच्या बहुपुटी विकाराची शक्यता पडताळून पहावी लागते. कंपवातातही चेहऱ्याची त्वचा तेलकट होते. अशा वेळी केवळ त्वचेवर उपचार केल्याने मूळ कारण तसेच राहते.

परिसर व बाह्य कारणे : ठाणे हे खाडीकाठी, तर कल्याण व डोंबिवली उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेली आहेत. या भागात वर्षाकाठी सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो. त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळातील असून या महिन्यांत हवा सतत दमट असते. त्वचेचे तापमान १° से. ने बदलल्यास त्वक्स्नेहाच्या उत्सर्जनाचा वेग सु. १०% ने बदलतो, असे १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत आढळून आले. उष्णतेने द्रव झालेला त्वक्स्नेह व न वाळणारा घाम एकत्र मिसळून चेहऱ्यावर पसरतात. त्यामुळे ग्रंथींचा स्राव फारसा वाढलेला नसतानाही त्वचा अधिक तेलकट भासते. गर्दीच्या उपनगरी गाडीतून प्रवास केल्यावर चेहऱ्यावर जाणवणारी चिकटाई पुष्कळ अंशी याच प्रकारची असते. चेहरा धुतल्याने व टिपल्याने ती जाते. तिच्यासाठी प्रकाशोपचाराचे प्रयोजन नसते.

बाहेरून लागणारी तेले हे आणखी एक कारण आहे. केसांना भरपूर खोबरेल लावण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र असून ते कपाळावर उतरल्यास केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या येतात. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत, डोंबिवली व अंबरनाथ येथील कारखान्यांसारख्या ठिकाणी धातुकामात यंत्रांवर वापरण्यात येणाऱ्या तेलांमुळे केशपुटकांचा शोथ होऊ शकतो. हा शोथ प्रामुख्याने हातांवर व मांड्यांवर होतो. काही क्लोरीनयुक्त रसायनांच्या संपर्काने मुरमांसारखा चिवट विकार उद्भवतो. या सर्वांत तेलाशी वा रसायनाशी येणारा संपर्क टाळणे हाच मुख्य उपाय होय.

इतिहास : त्वचाविकारात सूर्यप्रकाशाचा उपयोग करण्याची पद्धत भारतात फार प्राचीन आहे. पांढऱ्या कोडावर बावचीचे बी पोटात देऊन वा त्याचा लेप लावून रोग्यास उन्हात बसविण्यात येई. बावचीतील सोरालेन या द्रव्यामुळे त्वचा जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) किरणांना अधिक संवेदनशील होते. आधुनिक प्रकाशचिकित्सेचा पाया डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन (१८६०–१९०४) यांनी घातला. विद्युत् प्रज्योतीच्या प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केल्याबद्दल त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्यूनिक येथे ओस्कार राप व हेर्मान फोन टापाइनर यांनी १९०० च्या सुमारास काही रंगद्रव्ये प्रकाशाच्या सान्निध्यात सूक्ष्मजीवांना मारक ठरतात असे दाखविले. प्रकाशगतिक उपचारांचा उगम यात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुरमांवर क्ष-किरणांचा उपयोग पुष्कळ ठिकाणी करण्यात आला. त्याने ग्रंथी आकसत व त्वचा कोरडी होई. परंतु पुढे अशा रोग्यांत त्वचेचा व अवटू ग्रंथीचा कर्करोग होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले आणि ही पद्धत सोडून देण्यात आली.

थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर तयार केल्यावर लवकरच लीऑन गोल्डमन यांनी त्याचा त्वचेवरील परिणाम अभ्यासण्यास प्रारंभ केला. रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये निवडक प्रकाश-औष्णिक विघटनाचे तत्त्व मांडले. नंतरचे बहुतेक त्वचा-लेसर याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

क्रियेचे तत्त्व : प्रकाश ज्या पदार्थात शोषला जातो तेथेच त्याची ऊर्जा उष्णतेत वा रासायनिक विक्रियेत रूपांतरित होते. त्वचेत प्रकाश शोषणारे मुख्य पदार्थ म्हणजे कृष्णरंजक (त्वचेला काळसर वर्ण देणारे रंगद्रव्य), रक्तातील हीमोग्लोबिन व पाणी हे होत. इच्छित घटकात अधिक व इतरांत कमी शोषली जाणारी तरंगलांबी निवडून, तो घटक थंड होण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा कमी अवधीचा स्पंद दिल्यास उष्णता त्या घटकापुरती मर्यादित राहते, हे वरील तत्त्वाचे सार आहे. त्वक्स्नेह ग्रंथींच्या बाबतीत दोन अडचणी येतात. त्वक्स्नेह जवळजवळ रंगहीन असल्याने दृश्य प्रकाश त्यात फारसा शोषला जात नाही आणि ग्रंथी पृष्ठभागापासून साधारणतः अर्धा ते एक मिमी. वा त्याहून अधिक खोलीवर असल्याने तेथे पोहोचण्यापूर्वी प्रकाशाला कृष्णरंजकयुक्त बाह्यत्वचा ओलांडावी लागते. प्रत्येक उपचारपद्धतीची उपयुक्तता व मर्यादा या दोन अडचणींवर ती कितपत मात करते यावरून ठरते.

निळा व तांबडा प्रकाश : केशपुटकात राहणारे क्यूटिबॅक्टिरियम ॲक्निस हे सूक्ष्मजंतू पोर्फिरीन नावाची द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये सु. ४१५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग) तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषतात. त्यातून क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होऊन सूक्ष्मजंतू मरतात. निळा प्रकाश त्वचेत खोलवर जात नाही. तांबडा प्रकाश (सु. ६३० नॅनोमीटर) अधिक खोल जातो व त्यामुळे शोथ काहीसा कमी होतो. उपचार साधारणतः आठवड्यातून दोनदा याप्रमाणे काही आठवडे देतात. सौम्य व मध्यम मुरमांत याने तात्पुरता उतार पडतो. परंतु ग्रंथींचा आकार वा स्राव यांत खात्रीलायक घट होत नाही. घरी वापरावयाच्या प्रकाश-मुखवट्यांची शक्ती चिकित्सालयातील साधनांपेक्षा सामान्यतः कमी असते.

तीव्र स्पंदित प्रकाश : हा लेसर नव्हे. विशिष्ट दिव्यातून निघणाऱ्या अनेक तरंगलांब्यांच्या प्रकाशातील अनावश्यक भाग गाळणीने अडवून उरलेला भाग स्पंदांच्या रूपाने त्वचेवर टाकतात. केस काढणे, डाग व वरवरच्या रक्तवाहिन्या यांसाठी तो मुख्यत्वे वापरण्यात येतो. कृष्णरंजकात तो मोठ्या प्रमाणात शोषला जात असल्याने सावळ्या वा नुकत्याच उन्हाने रापलेल्या त्वचेवर भाजण्याचा संभव राहतो. तेलकटपणावरील त्याचा परिणाम अल्प व अनिश्चित आहे.

प्रकाशगतिक उपचार : यात त्वचेवर अमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल हे द्रव्य लावून काही वेळ थांबतात. ग्रंथीतील कोशिका त्यापासून प्रोटोपोर्फिरीन हे प्रकाशसंवेदी द्रव्य इतर भागांपेक्षा अधिक प्रमाणात तयार करतात. मग तांबडा वा निळा प्रकाश टाकल्यावर क्रियाशील ऑक्सिजनाने ग्रंथीला इजा होते. बॉस्टन येथे २२ व्यक्तींच्या पाठीवरील मुरमांवर केलेला व २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा मानतात. त्यात ग्रंथींचा आकार व त्वक्स्नेहाचे उत्सर्जन कमी झाल्याचे दिसून आले. तथापि उपचारानंतर वेदना, लाली, सूज, खपल्या व काळपट डाग ही लक्षणेही आढळली. प्रकाशोपचारांत ग्रंथींवर प्रत्यक्ष परिणाम करणारा हा एक प्रभावी प्रकार असला, तरी त्याचा त्रासही त्या मानाने जास्त असतो.

अवरक्त लेसर : १,३२० व १,४५० नॅनोमीटर तरंगलांब्यांचे लेसर मुख्यत्वे पाण्यात शोषले जातात. त्यांच्यामुळे ग्रंथींच्या पातळीवरील सर्वच ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) तापते. बाह्यत्वचेला इजा होऊ नये म्हणून तिच्यावर शीतक द्रव्याचा फवारा मारतात. काही अभ्यासांत या लेसरांनी मुरूम कमी झाले. परंतु त्वक्स्नेह कमी होण्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. शीतकाच्या अतिरेकाने सावळ्या त्वचेवर काळे डाग पडल्याचेही आढळले आहे. सु. १,७२६ नॅनोमीटर तरंगलांबीवर मात्र त्वक्स्नेहातील शोषण पाण्यातील शोषणापेक्षा अधिक असते व कृष्णरंजकातील शोषण नगण्य असते. यामुळे वर निर्देशिलेल्या दोन्ही अडचणी पुष्कळशा दूर होतात. या तत्त्वावरील पहिल्या लेसर साधनाला अमेरिकेच्या अन्न व औषधी प्रशासनाने २०२२ मध्ये मुरमांच्या उपचारासाठी मान्यता दिली. उपचाराच्या तीन बैठका साधारणतः महिन्याच्या अंतराने होतात. ही मान्यता मुरमांसाठी आहे, केवळ तेलकटपणासाठी नव्हे, ही गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे.

परिणामकारकतेचे मूल्यमापन : त्वक्स्नेह मोजण्यासाठी दुधी रंगाची प्लॅस्टिकची पट्टी त्वचेवर काही सेकंद दाबून धरतात. तेल शोषल्याने पट्टी जितकी पारदर्शक होते तितका अधिक प्रकाश तिच्यातून जातो व त्यावरून तेलाचे प्रमाण काढतात. ऋतू, दिवसाची वेळ व खोलीचे तापमान यांनुसार हे मापन बदलते. मे महिन्यात घेतलेल्या मापनाची जानेवारीतील मापनाशी तुलना करून उपचार यशस्वी झाल्याचे म्हणता येत नाही. उपचारापूर्वी व उपचारानंतर वेगवेगळ्या उजेडात काढलेल्या छायाचित्रांनाही पुरावा म्हणून फारसे मूल्य नसते.

मुरमांवरील प्रकाशोपचारांच्या ७१ चाचण्यांचा (एकूण ४,२११ व्यक्ती) आढावा कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक चाचण्या लहान व अल्पकालीन असल्याने उच्च दर्जाचा पुरावा उपलब्ध नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. १,७२६ नॅनोमीटरचे लेसर त्यानंतर प्रचारात आले असून त्यांचे परिणाम अधिक आशादायक आहेत. तथापि ग्रंथी पुन्हा वाढू शकत असल्याने कोणत्याही पद्धतीने तेलकटपणा कायमचा जातो असे म्हणता येत नाही.

सावळ्या त्वचेतील धोके : टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे वर्गीकरण सुचविले. त्याच्या प्रचलित सहा प्रकारांपैकी बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत भाजणे, शोथ वा चिमटणे यांमुळे कृष्णरंजकाची निर्मिती वाढून काळपट डाग पडतात व ते काही महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ, टिकतात. तेलकटपणा हा सामान्यतः निरुपद्रवी असतो. त्याच्या निवारणासाठी घेतलेल्या उपचाराने चेहऱ्यावर डाग पडल्यास मूळ तक्रारीपेक्षा मोठी हानी होते. लग्नसमारंभापूर्वी थोड्या दिवसांत परिणाम मिळावा म्हणून शक्तिमान स्पंदांचा आग्रह धरण्यात हा धोका विशेष असतो.

ठाणे व कल्याण ही शहरे सु. १९° १२' उत्तर अक्षांशाच्या जवळपास असल्याने मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. जुलैत आकाश ढगाळ असले, तरी जंबुपार किरणांचा काही भाग ढगांतून खाली येतो. म्हणून उपचारापूर्वी व नंतर काही आठवडे छत्री, रुंद काठाची टोपी व सूर्यरोधक मलम यांचा वापर वर्षभर आवश्यक असतो. प्रकाशगतिक उपचारानंतर सु. ४८ तास ऊन व प्रखर दिवे पूर्णतः टाळावे लागतात. त्वचेतील उरलेले द्रव्य दृश्य प्रकाशानेही क्रियाशील होते व नेहमीच्या सूर्यरोधक मलमाने दृश्य प्रकाश पुरेसा अडत नाही. उघड्या फलाटावर उभे राहून रोज कामावर जाणाऱ्या व्यक्तीने असा उपचार दोन दिवसांची रजा असतानाच घेणे योग्य होय.

डोळ्यांचे संरक्षण हा सर्व प्रकारांत अनिवार्य भाग आहे. लेसर वा तीव्र स्पंदित प्रकाशाने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. पोर्फिरिया व चर्मक्षयसदृश ल्यूपस यांसारखे प्रकाशाने बळावणारे विकार असणाऱ्यांना, तसेच डॉक्सिसायक्लीनसारखी प्रकाशसंवेदनशीलता वाढविणारी औषधे घेणाऱ्यांना हे उपचार वर्ज्य किंवा विशेष काळजीने द्यावयाचे असतात. गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे दीर्घकाळ लावल्याने त्वचा पातळ होते व मुरूमही येतात. अशा त्वचेवर प्रकाशोपचार केल्यास इजा होण्याचा संभव वाढतो. भारत सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची विक्री वैद्याच्या चिठ्ठीवरच करण्याचे बंधन घातले.

उपचारांची निवड : सौम्य साबणाने वा द्रवाने दिवसातून दोनदा चेहरा धुणे हा पहिला उपाय होय. वारंवार घासल्याने त्वचेचा दाह होतो. मुलतानी माती व डाळीचे पीठ यांनी पृष्ठभागावरील तेल शोषले जाते, ग्रंथींवर परिणाम होत नाही. मुरूम असल्यास बेंझॉइल पेरॉक्साइड व ॲडापलीन यांची मलमे उपयुक्त ठरतात. त्वक्स्नेह सर्वांत जास्त, ९०% पर्यंत, कमी करणारे औषध म्हणजे पोटात घ्यावयाचे आयसोट्रेटिनॉइन होय. मात्र त्याने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होत असल्याने गर्भवती स्त्रीस ते कदापि देत नाहीत व उपचारकाळात गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. औषधे चालत नसलेल्या किंवा त्यांनी गुण न आलेल्या मुरमांच्या रोग्यांत प्रकाशोपचारांचा विचार करणे युक्त ठरते. मुरूम नसताना केवळ तेलकटपणासाठी ते क्वचितच आवश्यक असतात.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे खाजगी त्वचारोग चिकित्सालये, तसेच सौंदर्यकेंद्रे मोठ्या संख्येने आहेत. उपचारापूर्वी निदान त्वचारोगतज्ञाकडूनच करून घ्यावे. ठाणे महानगरपालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या रुग्णालयातही असा सल्ला मिळू शकतो. उपचार देणारी व्यक्ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक आहे काय, वापरण्यात येणारे साधन लेसर आहे की स्पंदित प्रकाशाचे, त्याची तरंगलांबी किती आणि सावळ्या त्वचेवर प्रथम कानामागे वा जबड्याखाली लहान भागावर चाचणी घेतली जाणार काय, या गोष्टींची माहिती उपचारापूर्वी करून घेणे हितावह असते. चाचणीनंतर डाग उमटण्यास काही आठवडे लागू शकत असल्याने, त्या भागाचे निरीक्षण पूर्ण झाल्यावरच संपूर्ण चेहऱ्यावर उपचार करतात.